पट्टीवरचा पू

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासायचो. एकदा कडेगावकडचा एक म्हातारा आला, लष्करातून पेन्शनीवर आलेला. ऊस तोडताना कोयता लागून हात सुजला होता; हात ठेवायचा की कापायचा, ते ठरायचं होतं. त्याचाच पू मी मायक्रोस्कोपखाली दाखवला. बघण्याआधी त्याने चपला काढल्या.

"जंतू गिळतायत त्या तुमच्याच पांढऱ्या पेशी," मी म्हणालो. "एरवी रक्तात निवांत फिरतात. जंतूंची चाहूल लागली की आतली झोपलेली जनुकं जागी होतात आणि तीच पेशी लढायला लागते."

तो बराच वेळ डोळा लावून होता.

"आमच्या गावागतच हाय. सुट्टीवर आल्याला गडी, तार आली की औत सोडून निघतो." मग हळूच विचारलं, "मेल्याली कुठं असत्यात?"

"हा पिवळा पू म्हणजे बहुतेक तीच."

हातावरची सोडलेली, पू लागलेली पट्टी तो बादलीत टाकणार होता, पण थांबला.

"ह्येचं काय करता?"

"जाळतो."

पुढे त्याचा हात वाचला. पण मला आठवतो तो दवाखान्यामागे, जळत्या पट्टीसमोर, अनवाणी, सावधान स्थितीत उभा असलेला.