चौथं धुरांडं

एम्डेन बोटीवर सोलापुरात मालकी मायाप्पाची. महायुद्धाच्या पहिल्या वर्षी, चौदा साली, तो मेंढरं विकायला रेल्वेनं मद्रासला गेला, आणि त्याच मुक्कामात त्या जर्मन बोटीनं रात्री तोफा डागून बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. त्याला वीस वर्षं झाली. सात रस्त्याजवळच्या गल्लीत अजून कुणी बिडीला काडी ओढली, तरी मायाप्पा खाकरायचा, "आग म्हनत्यात ती मी बगितलीया," की झाली बोट सुरू.

यंदा गल्लीच्या गणपतीपुढं बांबू-कागदाची एम्डेन करायची ठरली. जो ती सांगून करवून घेईल, त्यानं मानाचा नारळ फोडायचा. मायाप्पानं फेटा धुवायला टाकला.

तेवढ्यात कुंडलिक आला. मोडनिंबचा, मालवाहू बोटींवर भट्टीत कोळसा ओतून परतलेला. जमिनीवरही डुलत चालायचा. बायका म्हणायच्या, "चाल बगा की, राजावानी." मायाप्पाला वाटायचं, पोट फुगलेलं मेंढरूबी असंच चालतं.

कुंडलिक बांबूजवळ उकिडवा बसला. "ह्या जातीच्या दोनच बोटी जर्मननं बांधल्या. थोरली ड्रेस्डेन, धाकटी एम्डेन. चिलखत पातळ, पळायला चपळ. नवं इंजिन थोरलीला, धाकटीला जुनंच. पर नाव काडलं धाकटीनं. आस्ट्रेलियाच्या बोटीनं गाटंपत्तुर किती जहाजं बुडवली. थोरलीला पुढल्या साली तिच्याच लोकांनी बुडवलं, दुश्मनाच्या हाती नगं म्हनून."

सगळे आ वासून ऐकत होते. परवापर्यंत हेच आ मायाप्पासाठी होते.

"धुरांडी किती लावायची?" अण्णारावनं विचारलं. गणपतीचा कारभार त्याच्याकडं, नारळही.

"तीन," कुंडलिक म्हणाला.

मायाप्पा पुढं सरकला. खरं तर त्यानं बोट बघितलीच नव्हती. बघितली ती नुसती आग, तीही मेंढराच्या आडून. पण तीन म्हटलं की कुंडलिक खरा ठरतो. "चार," तो म्हणाला. "मी मोजल्यात."

"अंधारात व्हय, मायाप्पामामा?" अण्णाराव म्हणाला.

"धनगर मेंढरं अंधारातच मोजतुया की."

माणसं हसली आणि कुंडलिककडं बघू लागली. त्याच्या एका शब्दावर मायाप्पाची वीस वर्षं लटकली होती.

"मामा खरं बोलत्यात," कुंडलिक म्हणाला. "इंग्रजांच्या बोटीगत दिसाया ती कदी कदी कापडाचं चौथं, खोटं धुरांडं उभारायची. मद्रासला उभारलं असंल. मी तितं नव्हतो, मामा हुते. नारळ त्यांचाच."

कुंडलिकनं हरवलं असतं तर सोसलं असतं. आता जिंकणंही त्याच्याच हातचं. मायाप्पानं घरचं घोंगडं गुंडाळून चौथं धुरांडं केलं, पण कुंडलिकला शिवू दिलं नाही.

नारळ त्यानं असा आपटला की करवंटीच्या ठिकऱ्या उडाल्या. प्रसादाला सगळ्यांत शेवटी कुंडलिकनं हात पुढं केला.

"सपलं की," मायाप्पा म्हणाला. डाव्या मुठीतल्या खोबऱ्याला घाम फुटला होता.

"असूंदे, मामा." कुंडलिक त्याच्या पाया पडला आणि डुलत निघाला. बायका बघतच होत्या.