वैशालीचा कॉम्प्युटर मी थंड केला

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी दुरुस्त करेपर्यंत उत्तम चालत होता.

कॉम्प्युटर तसा माझा नाहीच. वैशालीचा, म्हणजे माझ्या बायकोचा. तळोद्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ती लग्नाच्या व्हिडिओ पत्रिका बनवते. फोनवर येतात ना, गणपती गोल फिरतो, फुलं पडतात आणि मग नवरानवरीचं नाव सोनेरी अक्षरांत उगवतं, तशा. पण वैशालीच्या पत्रिका तेवढ्यावर थांबत नाहीत. ती घरच्यांना बोलतं करते, त्यांचा आवाज घेते, अंगणाचे नि शेताचे फोटो मागवते आणि त्या सगळ्याची अशी जुळणी करते की ज्याला लग्नाला जायचंच नाही तोही कपडे इस्त्रीला टाकतो. हे ती कुठल्याही क्लासला न जाता शिकली. मला तिचं फार कौतुक आहे. आता कौतुक असलं की माणसानं तसं तोंडानं सांगावं. मी तिचा कॉम्प्युटर सुधारायला घेतला.

कॉम्प्युटरची तक्रार एकच होती. एप्रिल लागला की तो तापायचा. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी नळाचं पाणीसुद्धा चहा टाकण्याच्या बेताला आलेलं असतं, तिथे त्या पेटीनं तरी काय करावं! व्हिडिओ पूर्ण करून फाइल बनवताना ती पेटी घाट चढणाऱ्या जीपसारखी कण्हायची. कण्हायची, पण चढायची. वैशालीचं म्हणणं साधं होतं.

“चाली ऱ्हायना ना? मंग चालू द्या.”

पण माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे आणि उन्हाळ्यात दुपारी तिथे चिटपाखरू फिरकत नाही. रिकामा माणूस आणि हातात फोन! कॉम्प्युटर थंड कसा करावा हे सांगणारे जगात इतके लोक आहेत हे मला माहीतच नव्हतं. पंधरवड्यात मी इतका जाणकार झालो की कीटकनाशक न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही हवा कुठून आत घ्यावी आणि कुठून बाहेर काढावी हे समजावू लागलो. (त्यानं पुढच्या वेळी दुसरं दुकान गाठलं.)

सुरुवात मी पेटीच्या एका बाजूचा पत्रा काढून केली. शेजारी टेबल फॅन लावला. घरासमोरून डोंगरात जाणाऱ्या जीपगाड्या धावतात. संध्याकाळपर्यंत त्या रस्त्यावरची निम्मी धूळ फॅननं मनोभावे पेटीत नेऊन ठेवली. मग मी फॅन हटवून तिथे घरातला पाण्याचा कूलर आणला. हवा झकास गार झाली. त्याचबरोबर प्रिंटरमधले कागद पापडासारखे वळले, की-बोर्डची दोन बटणं दाबली की परत वर येईनात आणि माउसला घाम फुटला. वैशालीनं काही न बोलता कूलर ढकलत मागच्या खोलीत नेला आणि माउस पदरानं पुसला. तिच्या जागी मी असतो तर गावभर ऐकू गेलं असतं.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी ऑनलाइन नवा कूलर मागवला. हा पाण्याचा नाही, कॉम्प्युटरच्या आत बसवायचा. प्रोसेसर म्हणजे त्या पेटीचा मेंदू. त्याच्या डोक्यावर हा धातूचा ठोकळा बसतो, मेंदूतली उष्णता नळ्यांमधून वर ओढतो आणि त्याला जोडलेला पंखा ती उडवून लावतो. आमचा जुना ठोकळा लिंबाएवढा होता. नवा आला तो थेट प्रेशर कुकरच्या मापाचा.

माझे वडील, आप्पा, खोकं उघडताना शेजारी खुर्ची टाकून बसले. नवी वस्तू घरात आली की आप्पा जातीनं हजर असतात, कारण तिचं प्लास्टिक कोणी काढू नये ही जबाबदारी त्यांची. आमच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये आहे. सोफा आहे. फ्रिजच्या दारावरची निळी झिल्ली फ्रिज जुना झाला तरी जागच्या जागी आहे. माझ्या स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक उन्हात फाटून गाडी कात टाकल्यासारखी दिसते, पण मी ते काढलेलं नाही. आप्पांचा सिद्धांत आहे, “प्लास्टिक काढं का वस्तू जुनी व्हई गयी.” लहानपणापासून हे ऐकत मी वाढलो आहे.

वैशाली बाजारात गेली होती. ती परत येईपर्यंत मी जुना ठोकळा उपटला, नवा बसवला, मध्ये लावायची राखाडी पेस्ट लावली, स्क्रू आवळले आणि पेटी बंद केली. पंखा फिरला. त्यात लाल-निळे दिवेही लागले. आप्पांना वाटलं, याच्यात गाणी वाजतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेखा आली.

रेखा वरच्या पाड्यातली, आश्रमशाळेत शिकवते. तिचंच लग्न होतं, चार दिवसांवर आलेलं. तिचे काका, आत्या, मावसभाऊ, निम्मं गोत गुजरातमध्ये ऊसतोडीला गेलेलं. छापील पत्रिका तिकडच्या फडावर कोण पोहोचवणार? म्हणून तिनं वैशालीकडे व्हिडिओ करायला दिला होता. त्यात तिचे वडील स्वतः पावरी बोलीत एकेकाचं नाव घेऊन बोलावतात. हा व्हिडिओ दाखवून काका मुकादमाकडे सुट्टी मागणार होते, आणि मुकादमानं त्यांना त्याच संध्याकाळच्या आत सांगा म्हणून बजावलं होतं. रेखाच्या पाड्यावर नेटवर्क नाही. तिला तो तळोद्यातूनच पाठवून शेवटच्या जीपनं वर जायचं होतं. जीप कोपऱ्यावर भरत आली होती.

व्हिडिओ तयार होता. फक्त शेवटची फाइल काढायची होती. वैशालीनं बटण दाबलं. पडद्यावर पट्टी सरकू लागली, आणि पाणी पिऊन होईस्तोवर पडदा काळा. पेटी बंद.

“लाइट गेली असंल,” मी म्हणालो. डोक्यावरचा पंखा फिरत होता.

पुन्हा चालू केला, पुन्हा पट्टी सरकली, पुन्हा बंद. वैशालीनं पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावला. तो लिफ्टमध्ये बसल्यासारखा थेट शंभराकडे निघाला आणि तिथे पोहोचला की कॉम्प्युटर स्वतःच जीव वाचवायला डोळे मिटायचा. इतकी वर्षं जो नुसता कण्हत होता, तो मी थंड केल्यापासून बेशुद्ध पडत होता!

आता मी चळवळ सुरू केली. बाजूचा पत्रा काढला. टेबल फॅन आणला. पाण्याचा कूलर ओढत परत आणला आणि त्यात फ्रिजमधला सगळा बर्फ ओतला. आप्पांनी आपल्या परीनं हातभार म्हणून गोणपाट भिजवून आणलं, पाण्याच्या माठाला गुंडाळतात तसं पेटीला गुंडाळायला. मी ते त्यांच्या हातातून घेतलं तेव्हा माझ्या मनात क्षणभर खरोखर आलं होतं की, बघायला काय हरकत आहे.

रेखा दारात उभी होती. जीपवाल्यानं हॉर्न दिला. तिनं हातानं थांब म्हणून खूण केली आणि मग आमच्याकडे बघून हळूच म्हणाली, “ताई, नाहीच झालं तर मी काकांना फोन करून सांगते. पण मुकादम नुसत्या फोनवर विश्वास ठेवत नाही. सगळेच फोन करतात.”

हे ती इतक्या समजुतीनं बोलली की मला भोवतालचे सगळे पंखे लाजिरवाणे वाटले. एका माणसाच्या हौसेपायी एका मुलीचे काका लग्नाला मुकणार होते.

या सगळ्या गोंधळात वैशाली मात्र शांत होती. तिनं मला बाजूला केलं नाही, ओरडली नाही. आधी टेबल फॅन बंद केला, मग कूलर. खोलीत शांतता झाली. मग तिनं कॉम्प्युटर चालू केला, आकडा वर चढू दिला, आणि पेटीत हात घालून माझ्या नव्या ठोकळ्याच्या नळ्या चाचपल्या. दोनदा चाचपल्या. मग मला बोलावलं.

“आठे हात लावा. चटका बसना का?”

मी हात लावला. “नही. थंडगार शे,” मी म्हणालो, थोड्या अभिमानानंच.

“तवा तापेल शे, नि त्यानावरनी भाकर थंडी,” वैशाली म्हणाली. “मंग दोन्हीसना मझार काय शे?”

आणि त्या दोघांच्या मध्ये काय होतं ते मला आठवलं.

बर्फाळ कूलरच्या हवेत जो आला नव्हता तो घाम मला तेव्हा आला. तोवर तिनं कॉम्प्युटर बंद करून स्क्रू सोडवले होते. ठोकळा उचलून उलटा केला. त्याच्या बुडाला, माझ्या पेस्टखाली, एक गुळगुळीत पारदर्शक झिल्ली चिकटलेली होती. वापरण्यापूर्वी काढा, असं तिच्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं. ते मी बसवताना वाचलं होतं. वाचून मला वाटलं होतं की हे उधळ्या लोकांसाठी लिहिलेलं असणार.

“हाई काय शे?”

“प्लास्टिक.”

“काढं का बरं नही?”

“नवं व्हतं ना.”

“बराबर करं त्यानी,” खुर्चीतून आप्पा म्हणाले.

वैशालीनं आमच्या दोघांकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं, आणि रेखालाही. वैशालीनं झिल्लीचं टोक नखानं धरलं आणि एका दमात सोलून काढली. आप्पांनी मान फिरवली. तिनं जुनी पेस्ट पुसली, ट्यूबमध्ये उरलेली लावली, ठोकळा बसवला, बटण दाबलं. आकडा चढला, रेंगाळला, मध्येच थांबला. पट्टी सरकत राहिली. जीपवाला आत येऊन बघू लागला. आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत होतो आणि मी बोटसुद्धा हलवत नव्हतो. तशी मला सूचनाच होती.

फाइल झाली. रेखानं ती फोनवर घेतली आणि तिथेच उभं राहून पाठवली. ती जीपकडे निघणार तेवढ्यात काकांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे ट्रॅक्टर वाजत होता. पावरी मला फारशी कळत नाही. रेखानं ऐकलं, ओढणीनं डोळे पुसले आणि सांगितलं, “मुकादमाला बाबांचा आवाज ऐकवला, त्यानं सुट्टी दिली. सगळे येतायत म्हणाले.” ती वैशालीच्या पाया पडायला वाकली, वैशालीनं तिला वरच्यावर धरलं. मी कूलरची वायर गुंडाळत उभा होतो. माझी बायको फार मोठी आहे, असं मला वाटलं. या वेळी मी ते तोंडानं म्हणालोही, पण जीपचा हॉर्न वाजला आणि तिला ऐकू गेलं नाही.

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. काका आले होते, आत्या आली होती, मावसभाऊ ढोल वाजवत होते. काकांनी वैशालीचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, मशीन बिघडलं होतं म्हणे, कोणी नीट केलं? वैशालीचं मन मोठं. एवढ्या लोकांत नवऱ्याची लाज राखावी म्हणून तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “यांनी.”

मी नम्रपणे हसलो. तेवढ्यात मंडपाच्या टोकाला डीजेवाल्याचा अँप्लिफायर तापून बंद पडला आणि काकांनी माझा दंड धरून मला थेट तिथे नेलं. वऱ्हाड भोवती जमलं. नवरीसुद्धा वळून बघत होती. मी उकिडवा बसलो, गंभीर चेहरा केला, अँप्लिफायरला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि तापलेल्या यंत्राबाबत मला जेवढं काही येतं तेवढं सगळं केलं. वैशालीला हाक मारली.