लोहाऱ्याची पाणपोई

लोहाऱ्यात माझ्या दुकानाला लागून एका प्रोग्रामर पोराची खोली आहे. वजनकाट्यावर ट्रकच्या पावत्या करणारं सॉफ्टवेअर त्यानं लिहिलं आणि इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुलं केलं. फोनवर कुणी ओरडलं, की हा फोन टेबलावर ठेवून चष्मा पुसत बसतो.

परवा वणीचे एक वजनकाटेवाले शेठ कारनं आले. "तुह्यं सॉफ्टवेअर अडलं. आत्ता चल."

"येतो, पण मजुरी लागन."

"फुकटच्या मालाले मजुरी कायची? मंग बंद करून टाक ते."

त्यानं दारातल्या रांजणातलं गिलासभर पाणी त्यांच्यापुढे ठेवलं. "पाणपोई लावली म्हून कोणी घरी हंडे पोचवून देत नाही, शेठ. अन् एकजण रागावला म्हून ते बंदबी करत नाही."

पाणी मात्र शेठ सगळं प्यायले. ते गेल्यावर त्यानं गिलास धुतला आणि पुन्हा रांजणावर उपडा घातला.