शिनोलीची गाडी आणि सुमनबाई

सुमनबाई गुळवे यांची आणि माझी पहिली गाठ जुन्नरच्या शाळेत, ड्रॉइंगच्या तासाला पडली. मी काढलेल्या मोटारीच्या मडगार्डाचं वळण त्यांना पटलं नाही. त्यांनी मला हेडमास्तरांच्या गाडीपाशी नेलं आणि डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायला लावला. पुढे मी डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज काढलं, त्याची सुरुवात मी त्या दुपारपासून धरतो. बाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि स्नेह्यांनी वाचावा म्हणून हा एक प्रसंग लिहितो.

बाईंचे वडील मुंबईत मोटारींच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात गादीकाम करत. तेव्हा उंची परदेशी गाडी पुष्कळदा नुसती चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि इंजिन अशी बोटीनं येई. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बांधत: आधी लाकडी सांगाडा, मग त्यावर पत्रा. बाई लहानपणी त्या कारखान्यात खेळल्या. निवृत्तीनंतर जुन्या गाड्या जपणारी मंडळी त्यांना फोटो पाठवू लागली. गाडी कुठली आणि बॉडी कुठं बांधलेली, हे बाई सांगतात. खात्री नसेल तर तसंही स्पष्ट कळवतात.

काही वर्षांपूर्वी शिनोलीच्या गणपतरावांच्या मुलांनी बाईंना बोलावलं. मी सोबत होतो. गणपतराव ऐंशीच्या पुढचे, बायको वारलेली, मुलं पिंपरीला. गोठ्याच्या मागच्या शेडमध्ये, कडब्याआड एक लांबलचक गाडी उभी होती. दिवे, कंपनीचा बिल्ला, कागदपत्रं, काहीच उरलं नव्हतं. बॉडी विलायतेत बांधलेली आहे, किंमत चांगली येईल, असं पुण्याच्या एका दलालानं मुलांना सांगितलं होतं, आणि बाईंनी त्यावर शिक्कामोर्तब करावं अशी त्यांची इच्छा होती.

गणपतरावांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचे थोरले भाऊ तुकाराम मुंबईला बॉडीच्या कारखान्यात सुतार होते. कारखाना बंद पडला तेव्हा मालकानं ही गाडी त्यांना देऊन टाकली. ती घेऊन ते गावी आले आणि वर्षभरात वारले. हिची बॉडी मीच बांधली, असं ते सांगत. गावानं ते हसण्यावारी नेलं, घरातही कुणी मानलं नाही. एकट्या गणपतरावांनी मानलं आणि गाडी जपली.

बाईंनी रेडिएटरचा घाट पाहिला, चासीवरचा गंज पुसून नंबर वाचला. चासी आणि इंजिन इंग्रजीच, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. मग त्यांनी मला मागची सीट काढायला सांगितली. आतला सांगाडा सागवानी होता. जोडाच्या दोन्ही बाजूंना सारखाच आकडा पटाशीनं कोरलेला, आणि आकडे मराठी होते.

"बॉडी आपल्याकडचीच आहे," बाई म्हणाल्या. मुलांचे चेहरे उतरले. "पण ती तुमच्या भावाच्या हातची आहे, हे मला एवढ्यावरून सांगता येणार नाही, गणपतराव."

तुकारामांनी केलेलं दुसरं काही घरात आहे का, असं बाईंनी विचारलं. गणपतरावांनी आम्हाला माळ्यावर नेलं. तिथं धान्याची एक मोठी लाकडी पेटी होती, भावानं गावी आल्यावर केलेली. तिच्या फळ्यांवरही तसेच आकडे होते. पाचाची शेपटी गाडीतल्यासारखीच उलटी वळलेली. बाई खाली येऊन पुन्हा गाडीत वाकल्या, पुन्हा वर गेल्या. मग म्हणाल्या, "हात एकच आहे."

गणपतराव पेटीवर बसले. म्हणाले, "एवढी वर्सं मी एकलाच म्हनत व्हतो. आता तुमीबी म्हनताय."

दलाल पुन्हा फिरकला नाही. मुलांचंही येणं कमी झालं. बाई मात्र दर महिन्याला एसटीनं शिनोलीला जात राहिल्या. दोघं शेडच्या दारात बसत. बोलणं थोडंच होई, बहुतेक तुकारामांविषयी आणि बाईंच्या वडिलांविषयी. त्या माणसांना ओळखणारं दुसरं कुणी आता राहिलं नाही, असं बाई मला एकदा परतताना म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात गणपतराव गेले. मुलांनी गाडी दूरच्या एका संग्राहकाला दिली. ट्रेलर आला त्या दिवशी बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. चालकाला त्यांनी एवढंच सांगितलं, की बॉडी बांधणाऱ्याचं नाव तुकाराम आहे, पुढच्या माणसाला तेवढं सांग. त्यानं मान डोलावली. त्यानं सांगितलं की नाही, कोण जाणे.

माझी आई आजारी असताना बाई रोज दवाखान्यात डबा घेऊन येत आणि तिच्याशी पत्ते खेळत. आज त्या जुन्नरला एकट्याच राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशी. पंचाहत्तरीच्या या गौरवासाठी काय आणू, असं मी विचारलं तेव्हा हसल्या. "फोन येतात रे, सगळे गाड्यांचे. चहाला मात्र कुणी येत नाही."

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांची नजर आणि हात असेच शाबूत राहोत. आणि आपण सर्वांनी, विचारण्यासारखं काहीही नसताना, अधूनमधून त्यांचं दार वाजवावं.