पुण्याच्या पाण्याचा समुद्र

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी शांत करावं असं सगळेच सांगतात. मी दिवाणखान्यात समुद्र आणायचं ठरवलं. गोड्या पाण्यातले मासे कुणीही पाळतं. मला खारं पाणी हवं होतं, खडक हवे होते, खडकावर डोलणारं प्रवाळ हवं होतं.

बायकोने विरोध केला नाही. तिने फक्त कोपरा दाखवला.

"याच भिंतीला आपल्या गौरी बसतात. हळदीकुंकवाला बायका येतील तेव्हा तुमची टाकी बघण्यासारखी असली तर राहू दे. नसली तर ज्याची त्याला परत."

मला त्यातलं 'राहू दे' एवढंच ऐकू आलं.

समुद्र घरी करायचा म्हणजे साध्या पाण्यात खास मीठ कालवायचं. मिठाची पिशवी हातात देताना दुकानदार म्हणाला, "काका, पाणी मात्र आरओचंच घ्या हं. नळाचं नको."

"तुम्ही मूळचे कुठले?" मी विचारलं.

"सोलापूरचा."

मग बरोबर. त्या बिचाऱ्याला पुण्याच्या पाण्याची काय कल्पना असणार? मी पेठेत वाढलेला माणूस. पाहुण्याला एक वेळ चहा विचारला नाही तरी चालेल, पण 'आमचं पाणी पिऊन बघा' हे सांगितल्याशिवाय आमच्याकडे कुणाला सोडत नसत. पुढे आम्ही शहराच्या कडेला, वाघोलीला राहायला आलो. सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं आणि निम्मं टँकरचं. पण पाण्याचा अभिमान मी सामानाबरोबर टेम्पोत घालून आणला होता, तो कमी कसा होणार? बायको कितीतरी वर्षं स्वयंपाकघरात आरओ बसवू या म्हणत होती. माझं उत्तर ठरलेलं, "पुण्यात राहून पाणी गाळायचं? लोक हसतील." वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क, तेही मूळचे पेठेतलेच, यावर जोरात मान हलवायचे.

तेव्हा समुद्र मुंबईचा असला तरी पाणी पुण्याचंच भरलं.

टाकी लावली, दोन केशरी मासे सोडले, एक छोटं प्रवाळ खडकावर बसवलं. ते आल्यापासून मिटलेलंच होतं. थोड्याच दिवसांत पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर आला. हेडक्लार्क चष्मा वर करून बघत म्हणाले, "दालचिनीची पूड कशाला टाकलीत?"

मी ब्रश घेऊन सगळं घासलं. दुसऱ्या दिवशी पूड हजर. मग खडकांना हिरवे केस फुटले. ते बोटांनी उपटले तर अर्धे हातात यायचे आणि अर्धे पाण्यात तरंगून नवी जागा बघायचे.

"मासे काही दिसत नाहीत," हेडक्लार्क म्हणाले. "कोथिंबीर मात्र छान आलीय."

मी आपला सगळ्याला शेवाळ म्हणत होतो आणि सगळ्याला ब्रश लावत होतो. अशात एके सकाळी खडकांवर लालसर जांभळा रंग चढलेला दिसला आणि मला धन्य वाटलं. कारण मी वाचलं होतं की खडकांवर गुलाबी-जांभळं कवच धरलं की टाकी मुरली असं समजावं. मी सोसायटीतल्या चार लोकांना बोलावून ते दाखवलं. त्यांना नीट दिसावं म्हणून दिवा सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवला. मासे लाजून आत बसू नयेत म्हणून येणाऱ्या प्रत्येकासमोर त्यांना चिमूटभर जास्तच खाऊ घातलं. आमच्या घरात एवढा आग्रह जावयालासुद्धा झाला नव्हता.

गौरी तोंडावर आल्या होत्या. बायको आली, तिने हातातली पळी उलटी धरून पाण्यात घातली आणि माझ्या कवचाची कड उचलली. अख्खा पापुद्रा लुळा होऊन वर आला.

"अहो, कवच असतं तर खरवडावं लागलं असतं. ही साय आहे."

मी हातातला ब्रश पाठीमागे घेतला.

"वाळूवरचं ते फुंकलं तरी उडतं, ती धूळ. खडकावरचे ते केस. आणि ही साय. तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही तिघांना एकच ब्रश लावताय."

"पण येतंय कुठून? पाणी तर आपलं..."

ती स्वयंपाकघरात गेली आणि चहाची किटली घेऊन आली. आत पांढऱ्या क्षाराचा जाड थर होता.

"हे आपलं पुण्याचं पाणी. वाफ जाते, हे आणि पाण्यातलं बाकी सगळं मागे राहतं. तुमच्या टाकीतलं पाणी रोज आटतं आणि तुम्ही रोज वरून हेच ओतता. त्या शेवाळाला तुम्ही घर बांधून दिलंत, वर जेवण आणि दिवाबत्ती."

माझा अभिमान किटलीच्या तळाशी बसलेला मला स्पष्ट दिसत होता. पण टाकी वाचवायची तर आता आरओचं पाणी लागणार होतं, आणि तेही लगेच. "कुणाकडे मिळेल?" मी विचारलं.

"वर."

"हेडक्लार्कांकडे? ते तर माझ्यापेक्षा कडवे आहेत."

"त्यांच्या ओट्याखाली केव्हापासून आहे. मी चहाला जाते ना त्यांच्याकडे."

मी कॅन घेऊन वर गेलो. हेडक्लार्कांनी दार उघडलं, कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाहुण्यांसाठी ठेवलंय हो," ते म्हणाले. "बाहेरगावच्या लोकांना आपलं पाणी सोसत नाही."

पुढचे दिवस मी जिना चढत-उतरत होतो. नळीने साय ओढून काढायची, तेवढंच नवं पाणी मीठ कालवून भरायचं. दिव्याचे तास कमी केले, माशांचा आग्रह बंद केला. तपकिरी पूड माझ्या मदतीशिवाय गेली, किंबहुना मी मदत थांबवली म्हणून गेली. केस मात्र मागच्या खडकाला थोडे राहिलेच.

हळदीकुंकवाला बायका आल्या. एकीने टाकीत डोकावून विचारलं, "अगं बाई, हे फूल खरं आहे?" प्रवाळ उघडलं होतं.

बायकोने मागच्या केसांकडे एक नजर टाकली, मग माझ्याकडे. "राहू दे," ती म्हणाली.

या वेळी मी पुढचंही ऐकायला थांबलो.

"पण आता आरओ आपल्या ओट्यावर बसेल. पहिला तांब्या माझा. उरलं तर समुद्राला."

यंत्र बसवायला माणूस आला तेव्हा हेडक्लार्क मुद्दाम खाली आले. चष्मा वर करून यंत्र बघत म्हणाले, "काय हो, पुण्यात राहून पाणी गाळता?"

मी त्यांना पेलाभर पाणी दिलं. चहाचं नाही विचारलं.