जिप्समचं सारवण

कारागीर आठ दिवस "कल पक्का आता मैं, दीदी" म्हणत राहिला आणि नवव्या दिवशी त्यानं फोन उचलणंच सोडलं. माझं डोकं फिरलं. माल घरात येऊन पडलेला: जिप्समचे बोर्ड, पत्र्याच्या पट्ट्या, स्क्रूचे डबे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्ही बघायचा तर बोर्डांच्या थप्पीवर बसून बघावा लागायचा. मी नवऱ्याला म्हटलं, "खड्ड्यात गेला तो. आपणच उभी करू भिंत."

"आपण पडदा लावला होता, तोही पडला होता," नवरा म्हणाला. पण माझ्यापुढं बोलून उपयोग नसतो, हे त्याला लग्नापासून ठाऊक आहे.

घाई होती ती मायसाठी. माझी माय कन्नडजवळच्या गावात एकटी राहायची आणि मी तिची एकुलती एक लेक. गेल्या पावसाळ्यात ती गोठ्यात घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. मी गाय विकायला लावली, विनवण्या केल्या, भांडले, माय हटेना. तिचं एकच: "लेकीच्या घरी पावणी म्हणूनच जावं. पहिल्या दिशी पावणा, दुसऱ्या दिशी पई, तिसऱ्या दिशी ऱ्हाई त्याची अक्कल जाई." यायची ती दोन दिवसांसाठी, आणि कपडे पिशवीतच ठेवायची. एक लुगडं काढायचं, धुऊन वाळलं की परत पिशवीत! त्या पिशवीचा मला असा राग यायचा की काय सांगू. वाटलं, तिला हक्काची खोली असली तर राहील. म्हणून हॉलची दोन भागांत वाटणी.

पट्ट्या जमिनीला न् छताला ठोकण्यात एक रविवार गेला. पण बोर्ड कापायची गंमत औरच! कटरनं रेघ ओढायची, गुडघ्यावर टेकवून दाबायचं, की बोर्ड कट्‌कन सरळ मोडतो. मला इतकं भारी वाटलं की मी उगाचच दोन जास्तीचे तुकडे मोडले. मग स्विचबोर्डासाठी मोठ्या तोऱ्यात चौकोनी भोक पाडलं. बोर्ड उभा केला तर भोक दुसऱ्याच टोकाला! मी माप उलट्या बाजूनं घेतलं होतं.

नेमकी त्याच दुपारी माय एसटीनं आली. पिशवी दाराशी ठेवली, भिंतीवर बोटांनी टकटक केलं. "ही भिंत हाय व्हय? खोकं हाय खोकं." मग भोकातून पलीकडं डोकावली. "आन् हे कशापायी? हितून च्या देणार का मला?"

नवरा खांद्यानं पुढचा बोर्ड रेटून उभा होता. तो हसता हसता बोर्डासकट खाली बसला.

दुसऱ्या दिवशी भोकाला ठिगळ लावलं, आणि जोडांवर जाळीची पट्टी चिकटवून मी पुट्टी भरायला घेतली. लोखंडी पत्तीनं ओढावी तर इथं उंचवटा, तिथं खड्डा. माय चहा घेत बघत होती. कप अर्धा झाला आणि तिला राहवेना. "अगं ए, भाकरीला लोणी लावायलीस का? सरक तिकडं."

पदर खोचला, पत्ती बाजूला फेकली, तळवा पाण्यात बुडवला आणि पुट्टीवरून असा गोलाकार फिरवला, की बघत राहावं. एकापुढं एक अर्धगोल, सगळे सारखे. "उंच कुठं, खोल कुठं, ते हाताला कळतंय. लोखंडाला काय कळतंय?" जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी माझी माय कोपरापर्यंत पांढरी होऊन त्यालाच फर्मावत होती, "पाणी बदला." उंचावरचे जोड तेवढे मला करू दिले, तेही दर दोन मिनिटांनी नावं ठेवत. लहानपणी तिच्या मागं शेणाची बादली घेऊन फिरायचे, तेवढी खूश होते मी.

तेवढ्यात माझी जीभ वळवळली. "माय, पावणी कधी दुसऱ्याचं घर सारवते का गं?"

तिचा हात थांबला. आमच्याकडं पाहुणीला बसवून खाऊ घालतात. सारवते ती जिचं घर ती. मायनं भिंतीकडं बघितलं, हाताकडं बघितलं. "लई शानी झालीस," एवढंच म्हणाली आणि तो जोड पुरा केला. मग हात धुतले आणि परतीच्या एसटीची वेळ विचारली. मला वाटलं, संपलं. मीच तोंडानं माती केली.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती जाणार होती. मी फुगलेल्या तोंडानं तिच्या वाटेसाठी भाकरी थापत होते. तिचं मन धरावं म्हणून नवरा महादेवाची तसबीर, हातोडी आणि खिळा घेऊन नव्या खोलीत गेला. आणि घर हादरलं.

"ओ जावईबापू! माझ्या भिंतीला खिळा नाय ठोकायचा, सांगून ठेवते!"

लग्नाला अठरा वर्षं झाली, ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. मी पिठाच्या हातांनी धावले. नवरा हातोडी पाठीमागं लपवून उभा. गॅलरीतल्या दोरीवर मायची पिशवी धुऊन उलटी टांगलेली, पाणी टपटप गळतंय. मला हसूही येत होतं आणि रडूही.

"माय, एसटी?" मी कसंबसं विचारलं.

"जाईल की," माय म्हणाली. "तिचं काय माझ्यावाचून अडलंय?"