तीन नंबरवरचं फडकं

कळंबला पुणे-नाशिक रस्त्याला लागून गेणभाऊ मिस्त्रीचं गॅरेज होतं. वर पाटी होती, ‘जुन्या जीपगाड्यांचे कॉम्प्रेशन अंगठ्याने तपासून मिळेल’. हसू नका. मंचरपासून ओतूरपर्यंत कुणाचीही जुनी जीप चढाला धापा टाकायला लागली, की लोक ती गेणभाऊच्या दारात आणून उभी करत.

इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात हवा कोंडून दाबली गेली तरच गाडीला जोर येतो. एखाद्यातून हवा निसटली की गाडी लंगडी. हे कॉम्प्रेशन मोजायला मीटर मिळतो, पण गेणभाऊ त्याच्याकडं ढुंकून बघत नसे. प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबायचा आणि दुसऱ्यानं पुढून हँडल फिरवायचं. हवा अंगठा उडवून लावते की नुसतीच फुस्सकन जाते, त्यावरून तो निकाल द्यायचा. आणि कमाल अशी, की तो पहिला जो प्लग खोलायचा, तो नेमका दुखऱ्या सिलिंडरचा निघायचा. बघणारे तोंडात बोटं घालायचे. समोरच्या टपरीवर त्याला अंगठेबहाद्दर म्हणायचे, आणि चौथी नापास गेणभाऊला त्याचाही अभिमान होता.

हँडल मारायची त्याची बायको, सरूबाई. पिंपरी पेंढारची लेक, जात्यावर हात बसलेला. गडीमाणसं हँडल हिसके देऊन मारतात. सरूबाई एका लयीत, सावकाश फिरवायची. गेणभाऊ पुढचा पंखा हातानं ओढून एक नंबरमधला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर आणून ठेवायचा आणि म्हणायचा, “हां, मोकळं कर इंजिन.” प्लग काढायच्या आधी ती सात-आठ फेरे मारायची, फडक्यानं हात पुसायची आणि फडकं इंजिनावरच टाकून परत हँडलपाशी उभी राहायची. गेणभाऊ फडकं उचलायचा आणि कामाला लागायचा. स्वतः तो हँडलला हात लावत नसे. मिस्त्रीनं हँडल मारायचं म्हणजे काय, इज्जत आहे की नाही!

गॅरेज एकोणऐंशी साली सुरू झालं, तेव्हाची एक गोष्ट गेणभाऊ टपरीवर रंगवून सांगायचा. सरूबाई हँडल मारता मारता भर गिऱ्हाइकांत म्हणाली होती, “अवं, तीन नंबर हलका लागतोय.” एक ड्रायव्हर फिदीफिदी हसला, “मिस्त्री, बायकोला इचारून इंजिन खोलता व्हय?” गेणभाऊचं डोकं सणकलं. हातातला पाना आपटून तो ओरडला, “तू हँडल मार! तोंड चालवू नगं!” त्यानंतर चोवीस वर्षं तिनं गॅरेजात ब्र काढला नाही. “अशी शिस्त लागती बायकांना,” असं म्हणून गेणभाऊ बशीतला चहा फुर्रकन ओढायचा. लोक हसायचे. आता हसणाऱ्यांनी जरा थांबावं.

दोन हजार तीनच्या चैत्रात सरूबाईला कावीळ झाली आणि आठव्या दिवशी ती गेली. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा तत्काळ शिवला. बायाबापड्या म्हणाल्या, “सुटली बाई, काय वासना ऱ्हायली नव्हती तिची.” गेणभाऊ बघत राहिला. रडू आलं नाही. डोळ्यांत पाणी नाही, काही म्हणजे काहीच नाही. भाकरी खायचा, ती तिखट की अळणी ते कळायचं नाही. पोरगा सयाजी चाकणला कंपनीत होता. तो म्हणाला, “आबा, गॅरेज बंद करा आन् माझ्याकडं चला. आता हितं काय ऱ्हायलंय?” गेणभाऊ म्हणाला, “बघू.” जावं असंही वाटत नव्हतं आणि राहावं असंही.

वैशाखात मंचरच्या पुखराज शेठनी जीप पाठवली. शेठ किराणा मालाचे व्यापारी. जीप त्यांच्या वडिलांच्या वेळची आणि गेणभाऊनंच वीस वर्षं जपलेली. चढाला धापा टाकत होती. शेठचा ड्रायव्हर चांगदेव हँडल मारायला पुढं झाला आणि गेणभाऊनं अंगठा लावला.

एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. सगळं सारखंच. हवा अंगठ्याला लागत होती, पण जोरानं की हलकी, काही उमजेना. परत लावला. तेच. गाडी चालू करून एकेका प्लगची वायर काढून बघितली, तर आवाजातला फरकही कळेना. चांगदेव म्हणाला, “काय म्हनतोय अंगठा?”

“एक नंबर,” गेणभाऊनं ठोकून दिलं. काहीतरी सांगायला तर हवं!

चार दिवस खपून त्यानं एक नंबरचे वाल, म्हणजे हवेच्या झडपा, घासून बसवल्या, नवं पॅकिंग घातलं, गाडी दिली. तिसऱ्या दिवशी गाडी दारात हजर. मागून शेठ स्वतः आले. भला माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही. “गेणभाऊ, फरक काहीच नाही हो. तुमच्यावर राग नाही, वेळच तशी आहे. पण उद्या भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकतो. तुमच्या हातानं झालं नाही, ते कुणाच्या हातानं होणार?”

गेणभाऊनं फक्त एक दिवस मागून घेतला. शेठ गेले. तो पाटीकडं बघत बसला. अंगठा गेला तर गॅरेज कशाला ठेवायचं? ही जीप नाही उठली, तर शटर ओढायचं आणि चाकण गाठायचं, असं त्यानं ठरवलं. ठरवतानाही वाईट वाटलं नाही, हेच जास्त वाईट होतं.

दुपारची वेळ. इंजिन मोकळं करायला कुणी नव्हतं. एक नंबर वर आणून त्यानं चोवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः हँडल धरलं. घाई नव्हतीच, म्हणून सावकाश फिरवलं.

मनगटाला काहीतरी लागलं. तो थांबला. परत पहिल्यापासून फिरवलं. पहिला जोर यायला हवा तिथं हँडल सुळकन पुढं गेलं. मग जोर, जोर, जोर. मग परत सुळकन. दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा तेच. कुठल्या सिलिंडरमागं कुठलं दाबतं, ते तर तो उभा जन्म मंत्रासारखं पुटपुटत आला होता, ‘एक, तीन, चार, दोन’. एकाच्या मागून तीन. तीन नंबर! लहान पोराला कळेल इतकं लख्ख.

हात तेलकट झाले होते. खिळ्यावरचं फडकं त्यानं ओढलं, हात पुसले, आणि विसरायला नको म्हणून फडकं तीन नंबरच्या प्लगवर टाकलं.

आणि त्याचा हात तिथंच राहिला.

फडकं. ती असंच टाकायची. इंजिनावर कुठंही नाही, एका प्लगवर. आणि तो फडकं उचलून तोच प्लग पहिला खोलायचा, अंगठा लावायचा आणि लोकांकडं बघून मिशीत हसायचा. चोवीस वर्षं! अंगठ्याला काय कळणार कप्पाळ? कळत होतं ते तिच्या मनगटाला. तोंड चालवू नको म्हणाला होता ना, तिनं नाही चालवलं.

“सरू,” तो म्हणाला. मग जीपच्या बंपरवर बसला आणि तेलकट फडकं तोंडाला लावून ढसाढसा रडला. टपरीवाला धावत आला, पाणी देऊ लागला. गेणभाऊ एवढंच म्हणत होता, “म्या तिला वरडलो रं. समद्यांम्होरं वरडलो.”

संध्याकाळपर्यंत त्यानं तीन नंबर उघडला. पिस्टनची रिंग तुटून दोन तुकडे झाले होते. नवी रिंग बसली, आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याच्या आधी जीप चढावर जाऊन आली, तीही टॉप गिअरमध्ये.

शेठ खूश. टपरीवरची माणसं गोळा झाली होती. “बघा! अंगठा परत जागा झाला,” शेठ म्हणाले.

“अंगठ्यानं कंदी काय सांगितलंच न्हाई, शेठ,” गेणभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “सरू सांगत व्हती. ती ज्या पलगावर फडकं टाकायची, त्योच मी खोलत व्हतो. आन् मला वाटायचं, मीच लई शाना.” कुणी हसलं नाही.

चांगदेव जायला निघाला, तेवढ्यात रस्त्यावरून दुसरी एक जीप खोकत आत आली. गेणभाऊनं चांगदेवला थांबवलं आणि हँडल त्याच्या हातात दिलं.

“पाच मिनटं थांब, राव. हळू फिरव, जात्यावानी. आन् हाताला काय लागंल ते तोंडानं सांग. मी वरडणार न्हाई.”